जखमेच्या खालची शीर

नागपंचमीनंतरचा शुक्रवार, सकाळी साडेआठ.

हजर : मी. आमच्या आयाबाई. पेशंट, बाई, वय चाळीसच्या आसपास, डाव्या हाताला जखम. तिची धाकटी जाऊ, सोबत म्हणून. डॉक्टर, पहिली पाच मिनिटं.

ही हजेरी मी पंधरा दिवसांनी घरी बसून लिहिली. कोणी मागितली नव्हती. कागदावर मांडल्याशिवाय मला काही सुधरत नाही. महिन्याचा किराणा असो, वॉर्डातल्या ड्युट्या असोत की मुलीच्या स्थळाची चौकशी. म्हणून हेही मांडायला घेतलं. माणसं लिहून झाली. खाली ‘काय घडलं’ असं लिहिलं आणि पेन तिथेच राहिलं. कारण काय घडलं ते केसपेपरवर आधीच लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात, आणि ते खोटं होतं.

आमचं नर्सिंग होम लिंबायतमध्ये, बारा खाटांचं. खाली ओपीडी आणि मेडिकल, वर वॉर्ड. निम्मे पेशंट खानदेशातले, लूमवर किंवा डाइंगला कामाला असलेल्या घरांतले. मीही तिकडचीच. लग्न होऊन सुरतेला आले त्याला बावीस वर्षं झाली. डॉक्टर गुजराती आहेत, हात चांगला, बोलणं कमी. पेशंट अहिराणीत सांगतो, मी डॉक्टरांना गुजरातीत सांगते. डॉक्टर गुजरातीत सांगतात, मी पेशंटला अहिराणीत. ड्युटीच्या कागदावर हे काम कुठे लिहिलेलं नाही, पण दिवसातला अर्धा वेळ त्यातच जातो.

वॉर्डात शिरताना डाव्या भिंतीवर एक कागद लावलेला आहे. सुई कुठे लावायची नाही, याचा. तो मीच लिहिलेला. नवीन सिस्टर आली की पहिल्या दिवशी मी तिला त्या कागदासमोर उभी करते आणि मोठ्याने वाचायला लावते. जखम, भाजलेली जागा, सूज किंवा लाली असलेल्या हाताला सुई लावू नये, दुसरा हात बघावा. दुसरा हात नाहीच चालला तर जखमेच्या वरच्या बाजूला, चांगली लांब जागा बघावी. जखमेच्या खाली कधीही नाही. आणि पट्टीखाली झाकली जाईल अशा ठिकाणी तर नाहीच.

का नाही, तेही मी समजावून सांगते. रक्त बोटांकडून खांद्याकडे परत जातं. पंजावर सुई लावून औषध सोडलं, तर ते जखमेच्या शेजारून वर जाणार. जखमेतले जंतू सुईच्या तोंडाशी यायला वेळ लागत नाही. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते मी नेहमी शेवटी सांगते. सुईची जागा बिघडली की सूज येते, लाली येते, दुखतं. जखम बिघडली तरी हेच होतं. दोन्ही जवळजवळ असतील तर कोण बोंबलतंय ते कळत नाही. आपण जखमेवर ढकलतो आणि सुई आत आपलं काम करत राहते.

हे सगळं मला माहीत होतं. नवीन लोकांना मी शिकवत होते.

ती बाई नवागामची. घरी बसून साड्यांचे धागे कापण्याचं काम करते. भरतकाम झालेल्या साडीच्या मागच्या बाजूला जे लोंबते धागे राहतात ते छोट्या कातरीने कापायचे. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, उजव्याने कातर चालवायची. नवरा लूमवर, बारा तासांची पाळी. सासू, दीर, जाऊ, मुलं, सगळे एका छताखाली. कानबाईच्या सणासाठी घराची साफसफाई काढली होती. माळ्यावरचा पत्र्याचा डबा उतरवताना तो घसरला आणि मनगट नि कोपर यांच्या मध्ये तिच्या डाव्या हाताला कापून गेला. हळद दाबून चार दिवस काढले. पाचव्या दिवशी ताप आला, तेव्हा आमच्याकडे आली.

डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली, पू काढला, आणि पाच दिवस रोज दोन वेळा शिरेतून औषध सांगितलं. घरी जाऊन येऊन करा म्हणाले. म्हणजे सुई हातात तशीच ठेवायची, वेळ झाली की यायचं, औषध घ्यायचं, परत जायचं. जिना उतरता उतरता मला म्हणाले, “बेन, बीजा हाथे नाखजो.” दुसऱ्या हाताला लावा. ते सांगायची गरज नव्हती. तरी सांगितलं.

मी उजव्या हाताला पट्टा आवळला. शीर लगेच वर आली, सरळ, जाड, बोटाखाली उसळणारी.

आयाबाई बोळे घेऊन उभ्या होत्या. त्या परभणीकडच्या, तोंडाने तिखट. म्हणाल्या, “घ्या. हिच्या शिरा म्हंजे कपडे वाळू घालायच्या दोऱ्या. आमच्या हाताला शोधायला कंदील लागतो.”

बाई हसली नाही. तिने हात मागे ओढला.

“ताई, तो नको. तो हात मोकया राहू द्या.”

“का गं?”

“रविवारले कानबाई शे ना. रोटना पीठमा हात घालना शे. सुई लायेल हात चालस का?”

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. श्रावणात एका रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, ते दळून त्या पिठाचे रोट, म्हणजे मोठ्या जाड पोळ्या, करतात. ते फक्त घरातल्या माणसांनी खायचे. पीठ, पाणी, हात, सगळं सोवळ्यातलं. त्यांच्या घरात रोट मळायचा मान थोरल्या सुनेचा. म्हणजे हिचा. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं.

धाकटी जाऊ सुरतेतच जन्मलेली. ती म्हणाली, “भाभी, मैं कर दूँगी ना.”

“तू?” बाईने तिच्याकडे पाहिलं. “तुले अजून पुरण जमत नही. रोट दूरच राहिना.”

जावेने तोंड फिरवलं. आयाबाई खुदकन हसल्या.

मग बाई माझ्याकडे वळली. “तुमना घर बसस ना कानबाई?”

“बसते तर.”

“मंग तुमले काय सांगू?”

तेवढंच म्हणाली. आणि मी पट्टा सोडला.

त्या क्षणी माझ्यापुढे काय काय मार्ग होते, ते मी नंतर ओळीने लिहून काढलं. उजव्याच हाताला, पण कोपराच्या जवळ लावता आली असती. पंजा मोकळा राहिला असता. उजव्या हाताची सुई रविवारी सकाळचं औषध झाल्यावर काढून टाकायची आणि सोमवारी नवीन लावायची, हेही जमलं असतं. तिला एक टोचणी जास्त, मला दहा मिनिटांचं काम जास्त. डॉक्टरांना विचारता आलं असतं. ते खालीच होते, बावीस पायऱ्या. आणि सगळ्यात सोपं म्हणजे तिला खरं सांगता आलं असतं : बाई, त्या हाताला लावली तर हात जाईल.

यातला रविवारी काढून सोमवारी लावायचा मार्ग मला तिथल्या तिथे सुचला होता. हे मी लपवत नाही. पण रविवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. माझ्याही घरी कानबाई होती. सोमवारी सकाळी विसर्जन करून मी दुपारी येणार होते. नवीन सुई लावायचं काम त्या दिवशी दुसऱ्या सिस्टरवर गेलं असतं, ती कारण विचारत बसली असती. मला ते सगळं नको वाटलं. मी तिच्यावर दया केली असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. दया अर्धी होती. अर्धा आळस होता, आणि थोडा मोठेपणाही. आपल्या माणसाचं आपण कसं जमवून देतो, हा.

मी तिच्या डाव्या पंजाच्या पाठीवर सुई लावली. जखमेच्या खाली, चार-पाच बोटं अंतरावर. पहिल्याच झटक्यात लागली.

“चालेल ना, ताई?” तिने विचारलं.

“चालेल,” मी म्हटलं. “फक्त पिठात हा हात घालू नको. पाणी लागू देऊ नको.”

“नही लावाव. एका हातवर मळसू.”

केसपेपरवर सुईची जागा लिहायचा एक रकाना असतो आणि शेजारी शेऱ्याचा. डॉक्टरांनी दुसरा हात सांगितलेला, त्यामुळे शेरा लिहिणं भाग होतं. मी लिहिलं : उजव्या हाताला शीर मिळाली नाही.

आयाबाईंना वाचता येत नाही. पण मी लिहिताना त्या माझ्या खांद्यामागून कागदाकडे बघत होत्या, असं मला आता वाटतं. तेव्हा लक्ष नव्हतं.

शनिवारी दोन्ही वेळा ती आली. सगळं ठीक. जखमेचं ड्रेसिंग बदललं, तिथला पू कमी झाला होता, ताप उतरला होता. मीच मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरतो आपण.

रविवारी सकाळी सातला ती आली तेव्हा माझे केस ओले होते आणि पोटात काही नव्हतं. घरी गहू दळून ठेवलेले, सासूबाई वाट बघत असलेल्या. साडेआठला मला निघायचं होतं. बाईही घाईत. खालून रिक्षावाला हॉर्न मारत होता, तिने त्याला थांबवून ठेवलं होतं. आदल्या दिवशी बांधलेली पट्टी सैल होऊन खाली घसरली होती आणि तिची कड सुईच्या चिकटपट्टीवर आली होती. जागा बघायची तर पट्टी सोडावी लागली असती. सगळी परत बांधावी लागली असती.

मी सुईच्या नळीत आधी थोडं सलाईनचं पाणी सोडून बघितलं. किंचित जड गेलं. तिने दात आवळले.

“चमक वर जास, ताई.”

“वर म्हणजे जखमेकडे?”

“हा. तथीनच.”

“मग जखमेचीच असेल. आत अजून सूज आहे.”

हे मी म्हणाले. जे मी इतरांना भिंतीसमोर उभं करून शिकवते, त्याच्या बरोबर उलट, आणि अगदी ठामपणे. मग औषध हळूहळू सोडलं. हळूहळू सोडलं याचाच अर्थ मला काहीतरी कळलं होतं. ती निघताना म्हणाली, “संध्याकायले येवाव नही, ताई. देव बसाडना शे.” मी म्हटलं, “उद्या वेळेवर ये.” एवढं बोलून मीही घरी गेले आणि दिवसभर रोट, पुरण, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी यांत त्या हाताची मला एकदाही आठवण झाली नाही. त्या दिवसाचं सगळ्यात जास्त काय लागतं विचारलं तर हेच.

सोमवारी दुपारी नवरा तिला घेऊन आला. दोघंही विसर्जनाहून थेट. तिच्या केसांत गुलाल होता, अंगावर नवं लुगडं, आणि डावा हात तिने उजव्या हाताने खालून तोलून धरला होता. पंजाची पाठ टम्म फुगलेली. सुईच्या जागेपासून एक लाल रेघ वर जाऊन पट्टीखाली शिरत होती. मी सुई काढली तेव्हा तिच्या मागोमाग पू आला. वरची पत्र्याची जखम सोडून बघितली. ती स्वच्छ होती, भरत आलेली.

म्हणजे डॉक्टरांचं काम नीट झालं होतं. बिघडलं ते माझं.

डॉक्टर आले. त्यांनी हात बघितला आणि मला विचारलं, उजव्या हाताला का नाही लावली?

“शीर मिळाली नाही, सर.”

त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतलेली नाही. मग बाईला विचारलं, “पाणी लाग्युं हतुं?”

तिला प्रश्न कळला. ती रडवेली होऊन भराभरा बोलायला लागली. पीठ जास्त होतं, एका हाताने आवरेना, परात सरकायला लागली म्हणून डाव्या हाताने ती धरली, पीठ पट्टीला लागलं. आणि पुढे म्हणाली, “पन ताईस्ना दोस नही. मीच सांगेल होतं ताईस्ले, डावा हातलेच लावा, उजवा मोकया राहू द्या.”

ती मला वाचवत होती. तिला वाटत होतं, मला ओरडा बसेल.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. “शुं कहे छे?”

आणि मी म्हणाले, “लोट बांधतां हाथ भीनो थयो, एम कहे छे.” पीठ मळताना हात ओला झाला म्हणते.

बस. पुढचं वाक्य मी त्यांना सांगितलंच नाही. बावीस वर्षांत मी किती लोकांचं बोलणं इकडून तिकडे नेलं असेल. त्यातलं एवढंच एक माझ्याकडे राहिलं. डॉक्टरांनी लिहिलं, पेशंटने पट्टी ओली केली.

ते खाली गेल्यावर आयाबाई चादर बदलायला आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सिस्टर, बाई दोन गोष्टी बोलली. तुमी एकच सांगितली.”

मी म्हटलं, “तुम्हाला कुठे अहिराणी कळते?”

“नाही कळत. मोजता तर येतं.”

त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. कुणाला सांगितलंही नाही. उलट काही दिवस माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होत्या. ते मला तिखटापेक्षा जड गेलं.

पंजाच्या पाठीवर चिरा द्यावा लागला. सात दिवस ती आमच्याकडे तीन नंबरच्या खाटेवर होती. उजव्या हाताला सुई मीच लावली, एका टोचणीत. ती बघत होती. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. ती वेगळ्याच गोष्टीचा विचार करत होती.

तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना मला म्हणाली, “मायनी बरोबर तोच हात धरा. जो पीठले लागना तोच.”

मी विचारलं, “कोणी?”

“कानबाईनी. पू ना हात, रगतनी पट्टी, आनि मी तो रोटना परातले लावा. तुमी सांगेल होतं, हात घालू नको. मी घाला. कोपनी माय.”

तिची सासू खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती मान हलवत राहिली. तिने सुनेला दोष दिला नाही, असं मी तेव्हा मनाशी धरलं. पण ती मान हलवणं म्हणजे दुसरं काय होतं?

मी कात्रीने पट्टी कापत होते. “असं काही नसतं,” म्हटलं.

“तुमी सिस्टर शेतस. तुमले तसंच सांगनं पडस.”

तिथे थांबून सांगायला हवं होतं. परातीला हात लावल्याने हे झालं नाही. रविवारी सकाळी सातलाच ते सुरू झालं होतं, तुझी चमक वर जात होती तेव्हाच. तू रोट मळायला बसायच्या आधी. मला हे पक्कं माहीत होतं. वाक्यं तयार होती. मी पट्टी बांधली, गाठ मारली, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

ती घरी गेली. जखम भरली. पण डाव्या हाताची मूठ पुरती मिटत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मागे राहतं. मी तिला बोटांचे व्यायाम शिकवले, कागदावर लिहून दिले, सकाळी किती वेळा, संध्याकाळी किती वेळा, चित्रं काढून. ती नेमाने करते. फरक आहे, थोडा. साडी ताणून धरता येत नाही. धागे कापायला आता जाऊ बसते, ही कापलेल्या साड्यांच्या घड्या घालते.

दिवाळीनंतर एकदा आणि थंडीत एकदा ती सासूचा रक्तदाब दाखवायला आली. दोन्ही वेळा वर येऊन मला भेटून गेली. दुसऱ्या वेळी पिशवीतून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आणल्या होत्या. “जाऊनी कया,” म्हणाली. “मना हातनं लाटनं होत नही.” मी बिबड्या घरी आणल्या. तळल्या नाहीत. डब्यात तशाच राहिल्या आणि शेवटी मुलीने तळल्या, तिला काही माहीत नव्हतं.

चैत्रात मी ठरवलं. रविवारची दुपार धरली, तिचा नवरा पाळीवर असेल अशी. तीन वाक्यं पाठ केली. सुई मी चुकीच्या जागी लावली. ती चूक आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. तुझा हात परातीमुळे बिघडला नाही. तीनच, आणि मधे कुठे ‘पण’ नाही.

नवागामच्या त्या गल्लीत रिक्षा आत जात नाही. मी चालत गेले. वरची एक खोली, दाराशी साड्यांची गाठोडी, जाऊ उंबऱ्यात उजेडाला बसून धागे कापत होती. मला बघून सगळ्यांची धावपळ. सासूने सतरंजी झटकली. बाईने उजव्या हाताने पाण्याचा तांब्या आणला. मी हात बघायला आले आहे असंच सगळ्यांनी धरलं, आणि मीही त्यांना तसंच धरू दिलं.

बोटं बघून झाली. मी म्हटलं, “त्या दिवशी मी सुई...”

तिने मला पुढे बोलू दिलं नाही. सासूला म्हणाली, “या ताई नसत्या ना, तर मागला साल मना रोट राही जाता. इतलं कोन करस? दुसरी सिस्टर राहती तर उजवा हातलेच ठोकी देती.”

सासू म्हणाली, “आपली मानसं शेतस म्हनीसन.”

जाऊ उंबऱ्यातून म्हणाली, “अब तो मेरे सिर पे आ गया रोट. पुरण तो अब भी नहीं आता.” आणि हसली. बाईही हसली, पण लगेच थांबली.

मग मला सगळं कळलं. घरात ठरलं होतं. इथून पुढे रोटाच्या पिठाला ती हात लावणार नाही. तिनेच ठरवलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं. डाव्या हाताने नाही आणि उजव्यानेही नाही. पुढच्या कानबाईला ती फक्त दिवा लावणार आणि लांब बसणार. “माय परत कोपनी तं?” म्हणाली. “आते ल्हान पोरं शेतस घरमा.”

उजवा हात मोकळा ठेवा म्हणून जिने माझ्याकडे मागितलं, ती आता त्या धडधाकट उजव्या हातानेही मळणार नव्हती. मला एवढं समोर दिसत होतं. मी पाणी प्यायले. “देवी अशी कोपत नसते गं,” म्हटलं.

“तुमी आठे देवीनं नका सांगू,” ती म्हणाली. “तुमी सुईनं सांगा.”

सगळे हसले. ती चेष्टा करत होती. पण दार उघडंच होतं; सुईचंच सांगायला मी आले होते. मी सांगितलं नाही. व्यायामाचा नवीन कागद दिला आणि निघाले.

मधल्या काळात मी बाकीचं बरंच काही केलं. नवीन सिस्टर आल्या की ही गोष्ट सांगते; एक पेशंट होती, एका सिस्टरने तिचं ऐकलं, अशी. रोज सकाळी प्रत्येक सुईची जागा स्वतः उघडून बघते, पट्टी सोडावी लागली तरी. शिरेतून औषध जड गेलं की थांबते. पेशंटने हात बदलून मागितला तर आधी का ते विचारते आणि मग काय होऊ शकतं ते पूर्ण सांगते, त्याच्याच भाषेत. पाहिजे तर त्याच्यासाठी दोनदा टोचते. या सगळ्याने वॉर्ड सुधारला. तिच्या घरात काही बदललं नाही.

डॉक्टरांनाही सांगायचं आहे. मी त्यांच्या टेबलासमोर दोनदा उभी राहिले. एकदा त्यांनी विचारलं, “रजा जोइए छे?” मी हो म्हटलं आणि रजा घेऊन आले. पण डॉक्टरांचं नंतर होईल. ते मला काय करतील, फार तर बोलतील, फार तर घरी पाठवतील. आधी तिचं. तिच्यासाठी दिवस ठरलेले आहेत; कानबाईच्या आत तिला कळायला हवं.

काल जावेचा फोन आला. “दीदी, रविवार को दर्शन को आना, हां? और सुनो, आटे में पानी कितना डालते हैं? भाभी बताती ही नहीं. बोलती है, मुझसे पूछो ही मत.”

मी पाण्याचं सांगितलं. मग म्हटलं, “भाभीला फोन दे.”

मग तिचा आवाज आला. “हा, ताई. येतस ना?”

“येते.”

“यंदा मी लांब बसनार शे. पन तुमी या.”

“हाताचे व्यायाम चालू आहेत ना?”

“चालू शेतस.”

आणि मी फोन ठेवला.

त्यांच्याकडे गहू गुरुवारी मोजून धुवायला काढतात आणि शनिवारी दळतात. आज बुधवार. मी दुपारी तीनला सुटते. रिक्षाने नवागामच्या गल्लीपर्यंत वीस मिनिटं लागतात. तिला अजून सांगायचं आहे.